रॉक कॉन्सर्टचे तिकीट: छापील दर, खरा दर आणि मधले अंतर

२२ सप्टेंबर २०२४ रोजी, रविवारी दुपारी बारा वाजता, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला निघाली. डी. वाय. पाटील स्टेडियममधले दोन कार्यक्रम आधीच जाहीर झाले होते, तिसरा त्याच दिवशी वाढवावा लागला, आणि तरीही ऑनलाइन रांगेतला आपला क्रमांक लाखांत पाहून बहुतेकांनी हात टेकले. छापील दर अडीच हजारांपासून साडेबारा हजारांपर्यंत होते, लाउंजसाठी पस्तीस हजार आणि स्टेजसमोर उभे राहण्यासाठी ६,४५० रुपये. पुढच्या काही दिवसांत परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर हीच तिकिटे लाखांच्या भावाने झळकू लागली. त्या आठवड्यात चाहत्यांचा राग दोन गोष्टींवर होता: छापील दर इतका चढा का, आणि त्या दरानेही तिकीट आपल्याला का मिळत नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे.

खरे तर रॉकच्या चाहत्यासाठी गेली काही वर्षे सुगीची आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू याच स्टेडियमवर येऊन गेले, २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा हा संगीत महोत्सव भरू लागला, आणि २०२५ मध्ये मार्च महिन्यात ग्रीन डे व मे महिन्यात गन्स एन’ रोझेस तिथेच वाजवून गेले. ज्या पिढीने हे बँड मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकले, तिला ते लोकलच्या अंतरावर येऊन वाजवतात ही गोष्ट अजूनही पुरती पचलेली नाही. त्यामुळे पुढचा कोणताही दौरा जाहीर झाला की सेटलिस्टवर, म्हणजे कोणती गाणी वाजवली जातील यावर, वाद आधी सुरू होतात आणि खिशाचा विचार नंतर येतो; विक्रेत्यांनाही हे चांगले ठाऊक असते.

दर कसा ठरतो हे समजून घेण्यासाठी एवढेच आधी ध्यानात घ्यावे की लोकप्रिय बँडच्या तिकिटाला दोन किमती असतात. एक छापील, म्हणजे आयोजक जी लावतो ती. आणि दुसरी, त्या जागेसाठी सर्वात उत्सुक माणूस प्रत्यक्षात जी मोजायला तयार असतो ती. नवी मुंबईच्या स्टेडियमवर एका रात्री पन्नासेक हजार माणसे मावतात, म्हणजे तीन रात्री मिळून दीड लाखांच्या आसपास. त्या तिकिटांसाठी त्या दिवशी बुकमायशोवर नशीब आजमावणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. इतक्या गर्दीत सहा हजारांच्या तिकिटासाठी पन्नास हजार मोजणारी माणसे सापडणारच. या दोन किमतींमधले अंतर हा आयता पैसा आहे, आणि तो बँडने घ्यावा, आयोजकाने घ्यावा, दलालाने लाटावा की चाहत्याच्या खिशातच राहू द्यावा, यावरच तिकिटांच्या जगातली सगळी झटापट चालते.

अर्थात छापील दरही वाढलाच आहे, आणि त्याची कारणे जुनी आहेत. अमेरिकेत रॉक कॉन्सर्टच्या तिकिटाने शंभर डॉलरची पायरी ओलांडली ती ईगल्सच्या १९९४ च्या पुनर्मीलन दौऱ्यात, आणि तेव्हा त्यावर बरीच टीकाही झाली होती. त्या काळापर्यंत दौरा ही प्रामुख्याने अल्बमची जाहिरात होती: बँड शहरोशहरी फिरे, तिकीट बेताचे ठेवी, आणि मग त्या शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानांतून अल्बम खपत. १९९९ मध्ये नॅपस्टर आले, गाणी फुकट उतरवून घेता येऊ लागली, आणि पुढे स्ट्रीमिंगने अल्बमचा धंदा वेगळ्याच पायावर उभा केला. आज एका गाण्याच्या एका श्रवणामागे एक अमेरिकी सेंटही मिळत नाही, आणि जे मिळते ते अनेकांत वाटले जाते. डेव्हिड बोवीने २००२ मध्येच एका मुलाखतीत सांगून ठेवले होते की संगीत पुढे नळाच्या पाण्यासारखे होईल आणि कलाकारांनी भरपूर दौऱ्यांची तयारी ठेवावी. दौरा ही अल्बमची जाहिरात राहिली नाही. उलट अल्बमच दौऱ्याची जाहिरात झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ अॅलन क्रूगर यांनी या बदलाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे साडेतीन दशकांत अमेरिकेतील कॉन्सर्टच्या तिकिटाचा सरासरी दर चारशे टक्क्यांहून अधिक वाढला, आणि त्याच काळात सर्वसाधारण महागाई १६० टक्क्यांच्या आसपास वाढली.

याच्या जोडीला एक अडचण अशी आहे की तिच्यासाठी कोणालाही दोषी धरता येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या खर्चाविषयी लिहिताना दाखवून दिले की कारखान्यात यंत्रे सुधारतात, त्यामुळे तोच माणूस दहापट माल काढतो आणि त्याचा पगार वाढूनही वस्तू स्वस्त होते. परंतु चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ घेत असे तितकाच आजही घेते. रॉक बँडलाही दोन तासांच्या कार्यक्रमासाठी दोन तासच लागतात, आणि गायकाचा गळा त्याला आठवड्यात मोजक्याच रात्री गाऊ देतो. बाकीच्या जगातले पगार वाढत जातात तसे ध्वनितंत्रज्ञ, ट्रकचालक, मंच उभारणारे यांचेही वाढतात, पण त्यांनी केलेला ‘माल’ तेवढाच राहतो. म्हणून प्रत्यक्ष सादरीकरण दर वर्षी थोडे महाग होणे अपरिहार्य असते. रॉकमध्ये भर पडते ती भव्यतेच्या स्पर्धेची, कारण महाकाय पडदे, आगीचे लोळ आणि प्रेक्षकांच्या मनगटावर एकाच वेळी उजळणारे पट्टे हे सगळे दौऱ्याबरोबर फिरवावे लागते.

हा वाढलेला पैसा सगळ्या वादकांत सारखा वाटला गेला असे मात्र झालेले नाही. क्रूगर यांच्याच आकडेवारीनुसार १९८२ मध्ये कॉन्सर्टच्या एकूण उत्पन्नापैकी २६ टक्के वाटा वरच्या एक टक्का कलाकारांकडे जात होता. २०१७ मध्ये तो ६० टक्के झाला होता. मोठ्या नावाशी आयोजक जो करार करतो त्यात खर्च वजा जाता उरलेल्या रकमेपैकी पंच्याऐंशी ते नव्वद टक्के बँडला मिळणे ही सर्रास पद्धत आहे, आणि त्यातही किमान रक्कम आधीच हमीने द्यावी लागते. कार्यक्रम पडला तर तोटा आयोजकाचा असतो. त्यामुळे आयोजकाची खरी कमाई तिकिटावर जेमतेम, आणि सेवाशुल्क, पार्किंग, प्रायोजक व बिअरचे स्टॉल यांवर अधिक असते. मैदानात पाण्याची बाटली बाहेरून नेऊ देत नाहीत यामागे सुरक्षा हे एक कारण असते. दुसरे वाचकाने ओळखावे.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू, कारण तो लंडन किंवा न्यूयॉर्कच्या हिशेबापेक्षा बराच वेगळा आहे. समजा, ६,४५० रुपयांच्या तिकिटात कर धरलेला आहे. संगीत कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे या रकमेतले सुमारे ९८४ रुपये सरकारी तिजोरीत जातात आणि आयोजकाच्या हाती ५,४६६ रुपये राहतात. बँडचे मानधन डॉलरमध्ये ठरते. मेटालिका ऑक्टोबर २०११ मध्ये बंगळुरूला आले तेव्हा डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या सुरुवातीला तो शहाऐंशीच्या घरात पोहोचला होता. बँडने एक पैशाचीही वाढ मागितली नाही असे धरले, तरी केवळ रुपया घसरल्यामुळे तेच मानधन सत्तर टक्क्यांनी महाग झाले.

त्यावर प्राप्तिकर येतो. भारतात कार्यक्रम करणाऱ्या परदेशी कलाकाराच्या मानधनातून २० टक्के कर मुळातच कापून घ्यावा लागतो, आणि त्यावर अधिभार व उपकर असतात. मोठे बँड बहुधा करार करतानाच सांगतात की आम्हाला हातात इतकी रक्कम हवी, कराचे तुमचे तुम्ही पाहा. म्हणजे बँडला निव्वळ शंभर रुपये द्यायचे तर आयोजकाला किमान सव्वाशे रुपये मोजावे लागतात. यात मालवाहू विमानाचे भाडे, सामान तात्पुरते आयात करण्याची सीमाशुल्काची कागदपत्रे, पोलीस, अग्निशमन, उत्पादन शुल्क आणि स्थानिक संस्था यांचे परवाने, गाण्यांच्या स्वामित्वहक्काची फी आणि विमा हे सगळे मिळवले की ५,४६६ रुपये झपाट्याने आटतात.

तरीही माझ्या मते आपल्याकडचे सर्वात दुर्लक्षित कारण जागेचे आहे. मुंबईत मोठ्या संगीत कार्यक्रमांसाठी बांधलेले खुले सभागृह असे उरलेलेच नाही. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे अशा मैफलींचे हक्काचे ठिकाण होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाने तिथे कित्येक भारतीय बँड घडवले. ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर, शेजारी रुग्णालये आणि शिक्षणसंस्था असल्यामुळे, तिथले अॅम्प्लिफायर कायमचे बंद झाले. नियम चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. रुग्णांची झोप गिटारपेक्षा मोठीच. पण त्याची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नाही. त्यामुळे आज घोड्यांच्या शर्यतीचे मैदान किंवा क्रिकेटचे स्टेडियम भाड्याने घ्यायचे, गवतावर आच्छादन अंथरायचे, मंच, मनोरे, कठडे, जनरेटर, फिरती स्वच्छतागृहे सगळे शून्यातून उभारायचे आणि दोन दिवसांनी मोडून न्यायचे, असा प्रकार चालतो. हा खर्च कार्यक्रम एक असो वा तीन, जवळपास तेवढाच येतो. एकाच शहरात ओळीने तीन-चार रात्री वाजवण्याची पद्धत वाढली आहे ती यामुळेच. कोल्डप्लेने २०२५ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर दहा रात्री वाजवले. तिथे बँड हलला नाही, माणसेच प्रवास करून आली. आपल्याकडेही नवी मुंबईनंतर अहमदाबादला जाणाऱ्यांच्या बाबतीत तेच घडले, आणि मग तिकिटापेक्षा रेल्वे, हॉटेल आणि रजा महाग पडली.

छापील दराच्या वर जे चढते ते निराळेच. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर कन्व्हिनिअन्स फी उगवते आणि तिच्यावर पुन्हा कर लागतो. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये पाहणी केली तेव्हा मूळ विक्रीत ही शुल्के तिकिटाच्या सरासरी २७ टक्के भरली होती. २०२३ मध्ये द क्युअर या बँडने मुद्दाम वीस डॉलरची तिकिटे ठेवली. चाहत्यांच्या बिलांवर शुल्कांची बेरीज तिकिटाहून जास्त निघाली. बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने जाहीरपणे जाब विचारल्यावर टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीने स्वस्त तिकिटांमागे दहा आणि इतर तिकिटांमागे पाच डॉलर परत केले. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण बँडने ठरवले तर कुठपर्यंत जाता येते आणि कुठे त्याचेही हात बांधलेले असतात, हे दोन्ही त्यात दिसते. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, किंमत सुरुवातीला कमी दाखवून शेवटी शुल्के चढवत नेणे ही फसवी पद्धत ठरते. पडद्यावर खोटी घाई दाखवणेही त्याच यादीत आहे.

आता मूळ अंतराकडे वळू. साहजिक शंका अशी येते की लोक पन्नास हजार द्यायला तयार असतील तर बँड सहाच हजार का घेतो? एक कारण सरळ धंद्याचे आहे: रिकाम्या खुर्च्या पडद्यावर फार वाईट दिसतात, म्हणून दर थोडा खालीच ठेवणे सुरक्षित असते. दुसरे कारण मैफलीच्या प्राणाशी निगडित आहे. पुढच्या रांगांत प्रत्येक शब्द पाठ असलेली, घाम गाळणारी तरुण मंडळी असली की बँडही वेगळा वाजवतो. तिथे केवळ ऐपत असलेले, हाती फोन धरून उभे असलेले पाहुणे आले तर दोन तास जड जातात. तिसरे कारण नावाचे. कामगारवर्गाची गाणी गाणाऱ्या ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्यात २०२२ मध्ये मागणीनुसार दर बदलण्याची पद्धत वापरली गेली आणि काही तिकिटे पाच हजार डॉलरपर्यंत चढली. बहुसंख्य तिकिटे ठरल्या दरानेच विकली गेली होती, हा खुलासा खरा असूनही उपयोगी पडला नाही. चार दशके चाललेल्या त्याच्या चाहत्यांच्या ‘बॅकस्ट्रीट्स’ या नियतकालिकाने या दरांविषयीची निराशा व्यक्त करून प्रकाशन थांबवले.

मागणीनुसार दर बदलण्यात मुळात काही पाप आहे असे नाही. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना फ्लेक्सी भाडे लागू झाले: तेव्हा दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्के वाढत असे, आणि दीडपटीवर थांबत असे. लोक कुरकुरले, पण नियम आधी माहीत होता आणि वरची मर्यादाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ओॲसिस या ब्रिटिश बँडच्या पुनर्मीलन दौऱ्याची तिकिटे निघाली तेव्हा नेमके हेच नव्हते. दीडशे पाउंडांच्या आसपास जाहीर झालेले उभे राहण्याचे तिकीट, रांगेत तासन्‌तास ताटकळल्यावर, साडेतीनशेहून अधिक पाउंडांना समोर आले, आणि निर्णय घ्यायला मिनिटे उरली होती. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा एक मजेशीर बाब पुढे आली: सगळ्यांनी ज्याला शिव्या घातल्या तो भाव क्षणोक्षणी चढवणारा संगणक तिथे नव्हताच. दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्त तिकिटे संपली की महाग सुरू, एवढेच. फक्त ही गोष्ट रांगेतल्या माणसाला कोणी सांगितली नव्हती. माझा आक्षेप दराइतकाच या लपवाछपवीवर आहे.

दर खाली ठेवला की अंतर दलालाच्या हाती जाते. पूर्वी एकपडदा चित्रपटगृहाबाहेर ‘दस का बीस’ पुटपुटणारा माणूस निदान समोर दिसत असे, आणि त्याच्याकडे तिकीट खरोखर असे. आता स्वयंचलित प्रणाली काही सेकंदांत ढीगभर तिकिटे उचलतात, आणि काही विक्रेते तर हाती नसलेले तिकीटही आधी विकून मोकळे होतात. कोल्डप्लेच्या प्रकरणात पोलीस तक्रारी झाल्या, सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले, आणि मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळताना यावर कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम असल्याचे म्हटले. इतरत्र असे कायदे झालेले आहेत. जपानमध्ये जून २०१९ पासून चढ्या दराने पुनर्विक्रीचा धंदा करणे गुन्हा आहे, आयर्लंडने २०२१ मध्ये छापील दरापेक्षा जास्त घेण्यावर बंदी घातली, आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये तशी बंदी आणण्याचे जाहीर केले. अमेरिकेत पर्ल जॅमने १९९४ मध्येच टिकेटमास्टरच्या मक्तेदारीविरुद्ध न्याय विभागाकडे तक्रार केली होती. ती चौकशी वर्षभरात गुंडाळली गेली, २०१० मध्ये हीच कंपनी सर्वात मोठ्या आयोजक कंपनीत, लाइव्ह नेशनमध्ये, विलीन झाली, आणि मे २०२४ मध्ये त्याच न्याय विभागाने दोघांना वेगळे करण्यासाठी दावा लावला. तीस वर्षांनी का होईना.

बँडच्या हाती असलेले उपाय छोटे, पण परिणामकारक आहेत. तिकिटावर नाव आणि दारात ओळखपत्राची तपासणी असेल तर दलालाचा नफा बुडतो, मात्र ऐनवेळी ताप आलेल्या चाहत्याचे पैसेही बुडतात. म्हणून छापील दरानेच परत विकता येईल अशी अधिकृत सोय जोडीला हवी. सोडत काढणे हा दुसरा मार्ग: ओॲसिसने नंतर वाढवलेल्या वेम्ब्लीच्या कार्यक्रमांसाठी तोच वापरला. कोल्डप्लेची ‘इन्फिनिटी’ तिकिटे मला सर्वात चतुर वाटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दोन हजार रुपयांना, जोडीनेच, विकली गेली आणि जागा कोणती हे तिकीट हाती येईपर्यंत कळत नव्हते. ते शेवटच्या रांगेतही असू शकते आणि मंचाजवळही. जागा अज्ञात असली की दलालाला भाव लावता येत नाही, आणि चाहत्याला जागेची फिकीर नसतेच.

ज्यांना पुढच्या दौऱ्याचे तिकीट काढायचे आहे त्यांनी एवढे पाहावे. प्रीसेल, म्हणजे सर्वांसाठीच्या विक्रीआधीची विक्री, कोणत्या बँकेच्या कार्डावर आहे हे आठवडाभर आधी कळते. ते कार्ड घरात कोणाकडे आहे हे तेव्हाच विचारून ठेवावे. बजेट ठरवताना छापील दरात फी आणि कर मिळवूनच आकडा धरावा. पहिल्या दिवशी तिकीट हुकले तर पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर धाव घेऊ नये, कारण त्या दिवशी तिथला भाव सर्वात चढा असतो आणि क्यूआर कोड कार्यक्रमाच्या जवळपासच पाठवले जात असल्यामुळे खऱ्या-खोट्याची शहानिशा करायला काहीच हाती नसते. शिवाय मंच, ध्वनिमनोरे आणि कॅमेरे नेमके कुठे येतील हे पक्के होईपर्यंत त्यांच्या आसपासच्या जागा आयोजक राखून ठेवतात. आराखडा ठरल्यावर, बहुधा शेवटच्या एक-दोन आठवड्यांत, त्यांतल्या मोकळ्या झालेल्या जागा फारसा गाजावाजा न करता छापील दराने विक्रीला येतात.